कावळा कुणाच्या शब्दावर शिवला?

अहो,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. जन्मात कधी तुम्हाला प्रिय म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हीच विचाराल, हिला काय हवंय! तेव्हा आपलं नेहमीचंच, अहो.

आज लिहायला बसले कारण सकाळी प्रचाराची रिक्षा येऊन गेली. मी अंगणात सुकट निवडत होते. रिक्षा नाक्यावरून आत वळली आणि भोंग्यातून तुमचं नाव आलं! "कैलासवासी भाऊंची शेवटची इच्छा, बांध साहेबच बांधणार! दहाव्याला कावळ्यानंसुद्धा कौल दिला, आता तुम्ही कुणाला देणार?" आणि पाठोपाठ ढोलकी. कैलासवासी म्हटल्यावर ढोलकी कोण वाजवतं हो? मी सूप हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि तेवढ्यात मांजरानं अर्धी सुकट लांबवली.

शेवटची इच्छा म्हणे. तुमच्या उशाशी शेवटी कोण होतं? मी. निलेश औषध आणायला अलिबागला गेला होता, सूनबाई उलव्याहून यायला निघाली होती. तुम्ही शेवटचं काय बोललात ते मी एकटीनं ऐकलंय. साहेब तर तुमच्या आजारपणात या रस्त्यानं फिरकलेसुद्धा नव्हते. मग त्यांना तुमची इच्छा कुणी कळवली?

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, एवढं भोंग्यावरनं सांगतात म्हणजे काहीतरी असेल त्यात." हाच तुमचा घोळ! संध्याकाळी सातच्या बातम्यांना खुर्ची पुढे ओढून बसायचात आणि जे दाखवतील ते खरं. मी म्हणायची, अहो, टीव्हीत तर साबणानं माणूस गोरासुद्धा होतो. त्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघायचात, जसं काही मीच त्या बातम्या बिघडवतेय. एकदा टीव्हीवर सांगितलं की कोकणातले सगळे बांध पक्के झाले. तुम्ही खूश! मी तुम्हाला खिडकीतून खाडीकडच्या आपल्याच बांधाला पडलेली खांड दाखवली. पाणी सरळ शेतात येत होतं. तर म्हणालात, "आपला राहिला असेल एखादा."

राहिलेला तो 'एखादा' बांध अजून तसाच आहे. भूमिपूजनं मात्र झाली. दर निवडणुकीच्या तोंडावर एक. तुम्ही प्रत्येक वेळी धुतलेला सदरा घालून गेलात, पुढच्या रांगेत बसलात आणि नारळाचा तुकडा रुमालात बांधून माझ्यासाठी आणलात. खोबरं गोड होतं, नाही कशाला म्हणू? पण पुढे काय? एका कार्यालयात म्हणाले, हा बांध सरकारी नाही, तुमचा खाजगी आहे, तुम्हीच बांधा. म्हणून गावानं बांधायला काढला, तर दुसऱ्या कार्यालयाचा माणूस आला, इथे कांदळवन उगवलंय, हात लावाल तर गुन्हा. खारं पाणी आलं म्हणून कांदळवन आलं आणि कांदळवन आलं म्हणून पाणी अडवायचं नाही! आणि हे दोघे येऊन गेले की तिसरा येतो, गाडीतून, काळा चष्मा लावून. "काकी, जमीन खारीच झाली आहे, देऊन टाका, चांगलं गिऱ्हाईक आहे." मी वाईट बोलत नाही, पण हे तिघे नेहमी याच क्रमानं कसे येतात? इथे पाणी फक्त शेतातच मुरत नाहीये.

असो. तुमच्या दहाव्याचं सांगते. तुम्ही तिथे होतात की नाही ते मला ठाऊक नाही, मी मात्र नव्हते. आपल्यात बायका खाडीवर जात नाहीत, म्हणून जे कळलं ते पुरुषांच्या तोंडून. पिंड ठेवला. कावळे भरपूर, वडाच्या फांदीवर ओळीनं बसलेले. पण एक खाली येईना! निलेश म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. (मला ते ऐकून बरंच वाटलं. मी काय सांभाळायची वस्तू आहे?) जावईबापू म्हणाले, घराचं छप्पर आम्ही बघतो. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले, कुणी म्हणालं आता दर्भाचा कावळा करा. तेवढ्यात दिगंबरशेठ पुढे झाला. साहेबांचा उजवा हात, सगळीकडे पुढे होतोच. हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, काळजी करू नका. तुमचा बांध आमचे साहेब बांधतील!" आणि झपकन कावळा उतरला.

झालं! सगळे खाडीवरून येताना तेच बोलत होते. आत पाटावर बसल्या बसल्या माझ्या कानावर आलं, "काय तो चमत्कार!" तुमचा जीव बांधात अडकला होता हे मलाही पटलं. पण साहेब? साहेबांच्या नावावर तुम्ही उतरलात? तुम्ही भोळे होतात हो, पण इतके?

तेव्हापासून हा काटा माझ्या मनात होता. वर्षभर तो गप्प होता, निवडणूक लागली आणि सलायला लागला.

गेल्या पंधरवड्यात तो प्रतीक आला होता. मोबाईलवर तालुक्याच्या बातम्या चालवतो, मोठं दांडकं घेऊन फिरतो. तुम्ही त्याच्या बातम्या बघायचात, 'पोरगा निर्भीड आहे' म्हणायचात. निर्भीड पोरगा चहा प्याला, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि दांडकं माझ्या तोंडासमोर धरलं. "काकी, काकांची काय इच्छा होती?" मी सरळ सांगितलं, "बांध व्हावा ही तर त्यांची इच्छा होतीच. साहेब करतील म्हणे, पण मला काही त्यांचा भरवसा नाही. आधीचेही असेच येऊन नारळ फोडून गेले." एवढं सगळं बोलले. तो म्हणाला, "एक नंबर बोललात काकी!"

दोन दिवसांनी शेजारच्या वनितानं मोबाईल आणून दाखवला. त्यात मी म्हणतेय, "बांध व्हावा ही तर त्यांची इच्छा होतीच. साहेब करतील." संपलं! पुढे तुमचा फोटो, त्यावर एक कावळा उडत येतो, आणि मग साहेब हात हलवतात. वनिता म्हणाली, "वैनी, गोऱ्या दिसताव गो तुमी."  माझंच तोंड, माझाच आवाज, आणि मी न बोललेली गोष्ट. अंगणवाडीत इतकी वर्षं पोरांना सांगत आले, बाळा, वाक्य पूर्ण बोल. आणि माझंच वाक्य कुणीतरी मधोमध कापून नेलं.

फोन केला त्याला. मी काही सोडणारी नाही. तर म्हणतो, "काकी, वेळ कमी असतो, एडिट करावं लागतं." मी म्हटलं, नेमकं एवढंच बरं कापलंस? तर त्याला रेंज येईना. बारशाचा व्हिडिओ तासभर दाखवताना याला वेळ मिळतो!

तुमची बाजू घेऊन विचार केला मी. खरंच. वाटलं, जाऊ दे, कुणाच्या का नावानं होईना, बांध झाला तर झाला. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन जिवंतांचं भलं होत असेल तर मी कोण आडवी येणारी? पण मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कारण तुम्ही शेवटचं काय बोललात ते मला माहीत होतं, आणि त्यात साहेब नव्हते. त्यात नवा बांधसुद्धा नव्हता.

संध्याकाळ होती. भरतीची वेळ. मी तुम्हाला चमच्यानं पाणी पाजत होते. तुम्ही डोळे उघडलेत, दाराकडे बघितलंत आणि विचारलंत, "उघाडी लागली का गो?"

एवढंच. बांधातलं ते फळ्यांचं दार. भरती यायच्या आत लावायचं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं. तुमच्या बापानं केलं, तुम्ही केलंत, कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. अंगात ताप असला तरी भरतीच्या वेळेला तुमची चप्पल दारात नसायची. मी म्हटलं, "लागली असेल हो." तुमचं समाधान झालेलं दिसलं नाही. पुन्हा विचारण्याआधीच तुम्ही गेलात.

हे मी कुणाला सांगितलं नाही. लोक शेवटच्या क्षणी देवाचं नाव घेतात, पोरांची नावं घेतात. माझ्या नवऱ्यानं फळ्यांची चौकशी केली! थोडी रागावलेच होते तुमच्यावर. बायको समोर बसली आहे, तिचं काही नाही, उघाडी! पण ते माझं होतं, आपल्या दोघांतलं होतं, म्हणून मुठीत धरून ठेवलं. आणि ते बंद मुठीत होतं म्हणूनच दिगंबरशेठला मोकळं रान मिळालं, हे आता कळतंय.

रविवारी निलेश आला. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात आहे अजून, त्याच कंत्राटदाराकडे. आल्या आल्या पाया पडला, तेव्हाच मला वास आला. म्हणाला, "आई, बाबांच्या वर्षश्राद्धाला साहेब स्वतः येतायत. दोन मिनिटांचा शूट आहे फक्त. घास ठेवायचा, साहेब हात जोडून बांधाचा शब्द देणार, कावळा आला की झालं."

"आणि नाही आला तर?"

"येईल ग. दिगंबरशेठ बोलला, त्याची सोय करू."

कावळ्याची सोय! अहो, ऐकलंत का? मी विचारलं, कशी सोय, फरसाण टाकणार की पाळीव आणणार? निलेश चिडला. "आई, प्लीज. माझा कंत्राटदार त्यांचाच माणूस आहे. मी नाही बोललो तर उद्या मला गेटवर उभा नाय करणार कोण. तुला प्रत्येक गोष्टीत डाउट. बाबा बरे होते, विश्वास तरी ठेवायचे."

ते लागलं मला. कारण खरंच आहे, तुम्ही ठेवायचात. त्याच्या घराचे हप्ते, पोरीची शाळा, हे काय मला दिसत नाही? मी त्याला जेवायला वाढलं आणि काहीच बोलले नाही. तो समजला आई तयार झाली.

दुसऱ्या दिवशी पुनवेचं उधाण होतं. भर दुपारी मी बांधावर गेले. का गेले ते मलाही धड सांगता येणार नाही. बहुतेक दिगंबरशेठ आधीच येऊन कावळ्यांना सवय लावतोय का ते बघायला! तिथे आपला शेतशेजारी कमलाकर होता. गुडघाभर चिखलात उभा राहून फळ्या खाचेत बसवत होता, फटीत पेंढा आणि चिखल भरत होता. तुम्ही गेल्यापासून तोच करतो. मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. गावानं तुम्हाला विचारलं नाही, तसंच.

बांधावर बसले आणि म्हटलं, "कमलाकरभावजी, दहाव्याला तुम्ही होतात ना? नक्की काय झालं, मला पहिल्यापासून सांगा."

त्यानं हात धुतले. म्हणाला, "वैनी, मी शेवटपरत नवतो. त्या दिशी पन आसाच उधान व्हता. भरती चरत व्हती, आनि समदी मानसा कावल्याकं बगीत उभी. मना थांबवंना. पिंडाला हात जोरलं नि हलूच बोल्लो, भाऊ, मी चाललो उघारी लावाला, तुमी काय काल्जी करू नुको. नि फिरलो."

"मग?"

"मंग काय, चार पावला गेलो नसन, तं मागं गलका झाला, कावला आयला, कावला आयला! दिगंबरशेट काय तरी बोलत व्हता तवा. मी काय परत गेलो न्हाय. पानी वर आयला व्हता."

 कमलाकरला तुमचं शेवटचं बोलणं माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं! तुम्ही मला विचारलंत आणि मी 'असेल' म्हटलं. त्याचं खरं उत्तर तुम्हाला दहा दिवसांनी मिळालं, ते या माणसाकडून, आणि तेही हळू आवाजात. दिगंबरशेठचा आवाज मोठा होता, म्हणून सगळ्यांना तोच ऐकू आला.

मी त्याला सांगितलं. तुम्ही काय विचारलंत ते सगळं. तो खाली बसला आणि ओल्याच हातानं तोंड झाकलं. मग म्हणाला, "लागली व्हती, वैनी. त्या सांजला बी मीच लावली व्हती." मला रडू फुटलं. वर्षभर आलं नव्हतं तसं. मी 'असेल' म्हटलं होतं हो, पण लागली होती!

आता तुम्ही म्हणाल, बघ, तुझ्या संशयानं काहीतरी चांगलं निघालं. थांबा. माझा कावळ्यावरसुद्धा पुरता विश्वास नाही. त्याला भूक लागली असेल, माणसांची गर्दी जरा हलली असेल, म्हणून उतरला असेल. पण कावळ्याची साक्ष काढायचीच असेल तर नीट काढा ना! अर्धी का काढता?

हे मी प्रतीकला सांगितलं. म्हणाला, "काकी, पण यात बातमी काय?" बरोबर आहे त्याचं. एक माणूस रोज वेळेवर दार लावतो, यात बातमी कसली?

आणि गंमत म्हणजे संध्याकाळी दुसऱ्या पक्षाची माणसं दारात! त्यांना कुठून वास लागला देव जाणे. दोन गाड्या, एक शाल, एक नारळ. "काकी, कमलाकरना घेऊन आमच्या स्टेजवर या. साहेबांचा खोटेपणा उघडा पाडा. कावळा आमच्या कष्टकऱ्याच्या बाजूनं होता!" आमच्या! कमलाकर यांचा कधीपासून झाला? मी विचारलं, तुमचं राज्य होतं तेव्हाच्या भूमिपूजनाचा दगड अजून आमच्या गोठ्याच्या पायरीला आहे, तो बघितलात का? शाल परत दिली. नारळ ठेवून घेतला, तुमची सवय.

कमलाकरला विचारलं, जाणार का? तो म्हणाला, "स्टेजवर? आनि भरतीला कोन जाल?"

काल रात्री निलेशला फोन करून सगळं सांगितलं. तुमचे शब्दसुद्धा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "आता सांगितलं ना." तो म्हणाला, "मग मी त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, "सांग आई वेडी आहे, ऐकत नाही. आईचं नाव पुढे कर, तू मागे राहा." तो हसला की रडला ते फोनवर कळलं नाही. त्याच्या नोकरीचं काय होईल मला माहीत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण शेवटी म्हणाला, "श्राद्धाला मी आदल्या दिवशी येतो. भरती कधी आहे ते कमलाकरकाकांना विचारून ठेव." मी इतकी संशयी बाई, पण या वाक्यात मला काही काळंबेरं सापडलं नाही.

तर आता शब्द देते. कुणाच्या व्हिडिओसाठी नाही.

तुमच्या श्राद्धाला साहेब आले तर त्यांना पाट देईन, पाणी देईन, जेवायलाही वाढीन. दांडकं आणि कॅमेरा मात्र अंगणाच्या बाहेर. घास ठेवला की कुणी मोठ्यानं काही बोलायचं नाही, मी बोलू देणार नाही. कमलाकर पुढे होईल, निलेश त्याच्या शेजारी, आणि जे सांगायचं ते तुम्हाला हळूच सांगतील. कावळा आला तर आला, नाही आला तर आम्ही थांबू.

मतदान अमावास्येला आहे. मी जाणार. बहिष्कार घालायचं काहीजण बोलतायत, पण मी घरी बसले तर माझ्या नावानंही हे उद्या काहीतरी सांगत फिरतील. मत कुणाला देणार ते तुम्हालाही सांगणार नाही. तुम्ही कुणालाही बोलून जाता! फक्त त्या दिवशी उधाण दुपारचं आहे, आणि कमलाकरला बूथवर रांगेत उशीर झाला तर फळ्या कशा बसवायच्या ते मी शिकून घेतलंय. पेंढा आधी, चिखल नंतर.

तुम्ही तिकडे भोंग्याकडे कान देऊ नका. आजची उघाडी लागली आहे. मी स्वतः जाऊन बघून आले, मग लिहिलं.

तुमचीच,
मंदा